शिपाईमामांची खुर्ची

तापीकाठच्या आमच्या शाळेतील शिपाईमामांनी अजून चाळिशीही ओलांडलेली नाही. मणक्याच्या संधिवातामुळे सकाळी कोणी हाक मारली, तर ते मान न वळवता सारे अंगच वळवतात. हा ताठरपणा दहा वाजेपर्यंत उतरतो. थकवा मात्र दिवसभर अंगात राहतो आणि तो कोणाला दिसत नाही.

"काय मामा, कापूस येचीसन उनात का?" कापूस वेचून आलात का, असे शिक्षक त्यांना चिडवीत.

"नही सर, झोपीसन उठनू," ते हसून म्हणत.

मुख्याध्यापक या नात्याने मी त्यांच्या सूचनावहीच्या फेऱ्या बंद केल्या आणि त्यांना दाराशी खुर्ची दिली. तिसऱ्या दिवशी ती खुर्ची त्यांनी स्वतः उचलून माझ्या कार्यालयात आणून ठेवली.

"सर, बठीसन पाठ लाकूड व्हई जास. मन्ह्या फेऱ्या माले परत द्या. थकवा उना का घडीभर पडू द्या, पन आळशी म्हनू नका."

बसणे म्हणजेच विसावा, असे मी गृहीत धरले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या आणि शिक्षकांच्या खोलीतील वेळापत्रकावर, मधल्या सुटीनंतरच्या तासिकेसमोर, मी लिहिले : "शिपाईमामा, ग्रंथालयात विश्रांती." खाली सही केली आणि शाळेचा शिक्का उमटवला.