न आलेल्या चादरींची चोरी

सोलापुरातली ती चादरींची केस आजही आठवते. आठवली की आधी दुकानमालकाचा राग येतो, मग स्वतःचा.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. दिवाळीच्या तोंडावर एका मोठ्या कापड दुकानाचे मालक तक्रार अर्ज घेऊन आले. सोबत कॉम्प्युटरवरून काढलेली यादी. यादीप्रमाणे चादरींचे चाळीस गठ्ठे 'रिसीव्ह्ड', म्हणजे गोडाऊनला जमा. प्रत्यक्षात एकही गठ्ठा नाही. किल्ली एकाच माणसाकडे, वीस वर्षं गोडाऊन सांभाळणाऱ्या नोकराकडे.

"उघड हाय की साहेब. उचला त्याला," मालक म्हणाले. आणि आम्ही शहाण्यासारखं उचललं.

दोन दिवस त्याला सकाळी आणायचं, संध्याकाळी सोडायचं. गठ्ठे कुठं ठेवलेस? कुणाला विकलेस? टेम्पो कुणाचा? पन्नाशीच्या त्या माणसाचं एकच पालुपद, "साहेब, माल आलाच न्हाय, तर मी नेऊ कुटनं?"

मी टेबलावर हात आपटला. "मग कॉम्प्युटर खोटं बोलतो का रे?"

यावर तो गप्प बसायचा. कॉम्प्युटरपुढं बिचारा काय बोलणार! आणि तो गप्प बसला की आमची खात्री आणखी पक्की.

तिसऱ्या दिवशी गोडाऊनचं आवक रजिस्टर तपासलं. पानं सलग, खाडाखोड नाही, पण त्या गठ्ठ्यांची नोंदही नाही. ट्रान्सपोर्टची पावतीसुद्धा नाही. आता मात्र डोकं भणभणलं. ते सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या गृहस्थांना दुकानात बोलावलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. ऑर्डर आधी कच्ची असते, मग पाठवलेली, मग पेंडिंग, थोडा माल आला की 'पार्शल', सगळा आला की 'रिसीव्ह्ड'. "रिसीव्ह्ड केलं की माल आपोआप साठ्यात चढतो साहेब. खरा येवो न येवो. पण ते कुणी केलं, कधी केलं, तेही इथं राहतं."

त्यांनी ती नोंद उघडली. त्या चाळीस गठ्ठ्यांच्या पाच ऑर्डरी, एकापाठोपाठ एक 'रिसीव्ह्ड', खंडेनवमीच्या सकाळी. पासवर्ड मालकांचा.

मी मालकांकडे बघितलं.

"खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा असती की," ते म्हणाले. "हळदकुंकू लावायला बसलो, तर पडद्यावर पेंडिंग, पेंडिंग, सगळं लालभडक. सणाला अर्धवट कशाला दिसावं? म्हणून रिसीव्ह्ड दाबून हिरवं करून टाकलं. माल येणारच हुता की!"

मी कपाळावर हात मारून घेतला. तिथूनच चादरीच्या कारखानदाराला फोन लावला.

"त्या चादरी अजून मागावरच हायेत साहेब. सूत उशिरा आलं की," तो म्हणाला.

दोन मिनिटांचा फोन! तो पहिल्या दिवशी लावायला मला काय धाड भरली होती?

मालकांनी तक्रार मागे घेतली, "मिटवून टाका साहेब" म्हणाले. मी नोकराला ठाण्यात बोलावून जबाब लिहून घेतला आणि घरी जायला सांगितलं. तो उठेना.

"मी चोर न्हाय असं लिहून द्या साहेब. गल्लीत दाखवाय."

"असा कागद आमच्याकडे नसतो बाबा."

"न्यायला तर गाडी घिऊन आला हुता की."

मी गाडी काढायला लावली. मालकांनाही बोलावून मागं बसवलं. त्याच्या गल्लीत उतरून मोठ्यानं सांगितलं, या माणसानं काही चोरलेलं नाही, चूक आमची. मालक मान खाली घालून उभे होते. पाच-सहा जण बाहेर आले, ऐकून परत आत गेले.

चोर शोधण्याआधी चोरी झाली का ते बघावं, हे आम्हाला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवतात. मला ते कळायला एका माणसाची अब्रू खर्ची पडली. परत निघताना त्याची बायको दारातून एवढंच म्हणाली, "त्यांना नेलं तवा लई माणसं जमली हुती साहेब."