म्हसा जत्रेतला स्वेटर

धसईच्या बाजारात जानकीबाई वांगी निवडायला बसली की भाजीवाल्या बाया कपाळाला हात लावायच्या. प्रत्येक वांगं उलटंपालटं करणार, तराजूच्या पारड्याखाली हात घालून बघणार, वर म्हणणार, "तुमचा काय भरोसा गो!" नवऱ्याने, बारकूने, चहा करून दिला तरी आधी वास घेणारी बाई ती!

पण याच स्वभावामुळे मुरबाडच्या कारखान्यात तिचं नाव होतं. तिथे चिमुकले ट्रान्झिस्टर बनायचे. शुद्ध सिलिकॉनमध्ये दुसरं द्रव्य कणभर मिसळलं की ते वीज कधी सोडतं, कधी अडवतं, एवढं तिला पाठ होतं. तसल्या तयार चिपा बाहेरून यायच्या. त्या धातूच्या पट्टीवर चिकटवायच्या, केसाहून बारीक तारा यंत्राने जोडायच्या, मग पुढच्या टेबलावर काळ्या प्लास्टिकात बंद. अकरा वर्षांत तिचा माल कधी परत आला नव्हता.

म्हसा जत्रा झाली आणि पुढच्या सोमवारपासून तिच्या टेबलावरचा माल तपासणीत मरायला लागला. शंभरात वीस-वीस नग! त्याच सोमवारी वैशाखरे गावची रविना तिच्या शेजारी नवीन लागली होती. दोघींचा माल एकाच ट्रेत जायचा. जानकीबाईच्या मनात पाल चुकचुकली. ही पोरगी जेवायला जाताना ट्रे झाकते, तो का? चिमटा असा तिरका का धरते? विचारलं की हसते कशाला? आठवडाभर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. सापडलं काहीच नाही, तसा संशय आणखी बळावला.

शेवटी ती सुपरवायझर धम्मपालकडे गेली. "साहेब, त्या पोरीच्या हाताला गुण नाय. तिला काढा, नायतर माझं नाव बुडंल." रविनाच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी बोलली!

कामावरून काढल्यावर रविना डबा उचलून निघाली. "काकी, मी केलं काय, ते तरी सांगा." जानकीबाई चिमटा पुसत बसली.

पुढचे दोन दिवस ती एकटीच होती. माल मरतच राहिला. आता संशय घ्यायला टेबलावर दुसरं कुणी उरलं नव्हतं.

सुटीच्या वेळी कपडे बदलताना तिने डोक्यावरून स्वेटर ओढला आणि चट् चट् आवाज झाला. केस ताठ उभे राहिले. एसीच्या गारठ्यात घालायला म्हणून जत्रेतून आणलेला स्वेटर! कपडे घासून अंगात साठणारी वीज जमिनीत उतरवायला मनगटावर पट्टा असतो, तो कातडीला टेकला पाहिजे. आपल्याला जाणवतही नाही एवढी ठिणगी चिप जाळते. पहिल्याच दिवशी शिकवलेलं. सकाळी दारावरच्या यंत्रावर ती उघड्या मनगटावरचा पट्टा तपासून हिरवा दिवा घ्यायची, आणि टेबलाशी बसली की थंडगार लागतो म्हणून स्वेटरची बाही पट्ट्याखाली ओढायची. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

लाजेने ती मेल्याहून मेली. तशीच धम्मपालच्या टेबलाशी गेली आणि स्वेटर त्याच्या पुढ्यात टाकला. "माल मीच मारला, साहेब. रविनाला बोलवा. मला काढायचं तर काढा."

रविना सोमवारी आली. हसली नाही. काम सुरू करण्याआधी ती जानकीबाईसमोर उभी राहिली.

"काकी, बाही वर करा."

जानकीबाईने बाही सारून हात पुढे केला. रविनाने पट्ट्याखाली बोट फिरवून नीट बघितलं. दुसऱ्या दिवशीही बघितलं, तिसऱ्या दिवशीही. आता जानकीबाई रोज आपणहून बाही वर करते.