ताईंना वेलिंग्टन दाखवलं तो दिवस

माझा नवरा वेलिंग्टनमध्ये रस्त्यात गेला. सरकारी खात्यात आयटीचं काम करायचा. दुपारी डबा खाऊन झाला की शहरात एक चक्कर मारून यायची, ही त्याची सवय. जूनमधल्या एका दुपारी तो चक्कर मारायला गेला आणि टेरेस नावाच्या वरच्या रस्त्यावरून खाली लॅम्बटन की या रस्त्याला उतरणाऱ्या पायऱ्यांवर कोसळला. मी तेव्हा हॉस्पिटलात ड्यूटीवर होते. नर्स आहे मी. दुसऱ्यांच्या नवऱ्यांचं बीपी बघत होते.

त्याची मोठी बहीण नागपूरला असते. आई लवकर वारल्यामुळे त्याला तिनेच वाढवलं. तिच्यासाठी आम्ही आठवडाभर थांबलो, पण व्हिसा वेळेत आला नाही. अंत्यविधी ताईंनी फोनवर पाहिला. मग एकदाच म्हणाल्या, "तुम्ही अजून चार दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं?" त्यानंतर आमचे फोन जेवलीस का, झोपलीस का एवढ्यावरच आटपायचे.

नोव्हेंबरमध्ये ताई आल्या. शहराबाहेर अप्पर हटमधल्या आमच्या घरात पहिले काही दिवस त्या नुसत्या खिडकीशी बसून होत्या. माझ्या लेकीशी मराठीत बोलायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "आयॅम फाइन, आत्या," म्हणायची आणि खोलीत निघून जायची. ताई बंद दाराकडे बघत राहायच्या.

माझ्या सुट्टीच्या दिवशी त्या सकाळीच तयार होऊन उभ्या राहिल्या. साडीवर भावाचं निळं जाकीट, बाह्या दुमडलेल्या, पायात स्पोर्ट्स शूज.

"मला तुमची राजधानी दाखव," म्हणाल्या. "आणि पायीच दाखव. तो चालायचा ना?"

मी हो म्हटलं खरं. त्या पायऱ्यांकडे मी तोवर एकदाही गेले नव्हते.

ट्रेनमध्ये गार्डने "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करत तिकिटं तपासली. ताईंनी त्याला हात जोडून "जय भीम" केला. तोही मान लववून हसला. त्या दिवसातलं तेवढंच एक हसू.

स्टेशनातून पायऱ्यांकडे जायला थोडंच चालावं लागतं. मी मात्र उलट दिशेला, धक्क्याकडे वळले. समुद्र करडा होता आणि वारा असा, की ताईंचा पदर सारखा माझ्या तोंडावर येत होता. मी बोलत राहिले. ही बोट पलीकडच्या बेटावर जाते, हे म्युझियम, इथे उन्हाळ्यात पोरं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात उड्या मारतात. ओरिएंटल बेपर्यंत गेलो. लोक कुत्री घेऊन पळत होते. एका बाकावर बसून ताईंनी पोळीभाजीचा डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि विचारलं, "इथे यायचा तो?"

"कधीकधी," मी म्हटलं. मला खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं आम्ही दोघंही माझ्या शिफ्टप्रमाणे जगलो. दुपारी तो कुठल्या रस्त्याने जातो, हे मी विचारलं नव्हतं आणि त्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

तिथून क्यूबा स्ट्रीट. जुन्या कपड्यांची दुकानं, कॉफीचा वास, फुटपाथवर गिटार वाजवणारा एक म्हातारा. मग आरो व्हॅलीपर्यंत नेलं. डोंगराला चिकटून उभी लाकडी घरं, व्हरांड्यात वाळत घातलेले ओले टॉवेल, पोपडे उडालेली दारं. अरुंद दरीत ऊन पोचलं नव्हतं. एका फाटकाजवळ ताई थांबल्या. त्यांना धाप लागली होती.

"काहून गं," त्या म्हणाल्या, "तू मला शहर दाखवतेस का नुसती फिरवतेस?"

मी खाली बघितलं.

"मी म्हातारी झाले, पण मुख्याध्यापिका होते बाई. पोरं वर्गात यायचं टाळतात तेव्हा कशी चालतात, ते मला कळतं. ने मला तिथे."

मग मी पायऱ्यांच्या दिशेने वळले. टेरेस धरून आम्ही चालत राहिलो. दोन्ही बाजूंना सरकारी ऑफिसं, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं. त्याच्यासारखी वाटणारी पाठ मला दोनदा दिसली.

पायऱ्या अगदी साध्या निघाल्या. सिमेंटच्या, मधे लोखंडी कठडा, कडेला नेचे उगवलेले. मी मनात काहीतरी मोठं धरून बसले होते. लोक हातात कॉफी घेऊन चढत-उतरत होते. ताई मधल्या एका पायरीवर बसल्या. मीही बसले. त्यांनी डोळे मिटून त्रिसरण म्हटलं, अगदी हळू. कुणी कडेने गेलं, कुणी "सॉरी" म्हणत पाय उचलून गेलं.

खालच्या टोकाला एक डेअरी होती. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरीच म्हणतात. मालक गुजराती. साडी बघून तो पायऱ्या चढून आमच्यापाशी आला आणि हिंदीत विचारू लागला, बरं वाटत नाहीये का. मी थोडक्यात सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"हां, मी होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "एक गोरी बाई छाती दाबत होती. फार वेळ दाबत होती बिचारी."

ताईंनी त्याच्याकडे वर बघितलं. "भैया, उसको पानी दिया किसीने?"

मला अँब्युलन्सच्या माणसाने सगळं सांगितलेलं होतं. कोसळला तेव्हाच शुद्ध गेली होती. नाडी लागत नव्हती. अशा माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नसतं, हे मी कितीतरी नातेवाइकांना समजावलेलं आहे. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही.

"दिया बेन," तो म्हणाला. "मैंने दिया. दो घूँट पिया."

ताईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि रडल्या. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. तो अवघडून उभा राहिला. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी त्याने हात काढून घेतला नाही.

संध्याकाळी ताईंनी नागपूरला एकामागून एक फोन लावले. मी भांडी घासत होते. "पाणी मिळालं त्याला," त्या कुणाला तरी सांगत होत्या. "आपलाच एक माणूस होता जवळ." दर फोनला तेच. मी नळ मोठा सोडला.

मला वाटलं होतं, त्या दिवसानंतर आमच्यातलं काहीतरी सैल होईल. तसं झालं नाही. ताईंनी तिकीट बदलून घेतलं आणि ठरल्याच्या आधी निघाल्या. "बघायचं ते बघितलं," म्हणाल्या. एअरपोर्टवर लेकीला जवळ घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. अंत्यविधीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मला माफ केलं असंही काही जाणवू दिलं नाही.

आता सुट्टीच्या दिवशी मी कधीकधी एकटीच ट्रेनने शहरात जाते. तो कुठल्या गल्लीतून जात असेल याचा अंदाज घेत हिंडते. एकाही रस्त्याबद्दल खात्री वाटत नाही. पाय दुखले की परतीची गाडी पकडते.