चाखलेलं खाल्ल्यात धरत नाहीत

माझे भावोजी बिस्किटांच्या कारखान्यात चव बघतात. एवढंच त्यांचं काम, आणि एवढ्यावर आमच्या ताईचा एकतीस वर्षांचा संसार उभा आहे. कारखान्यात त्यांना चवसाहेब म्हणतात. निम्मे आदराने म्हणतात, निम्मे पाठ वळली की हसतात. भावोजींना मात्र दोन्ही सारखंच गोड लागतं. मिठाच्या कणाचा फरक ओळखणाऱ्या माणसाला टोमणा ओळखता येत नाही, हे मला कधी उलगडलेलं नाही.

त्यांची खोली मी एकदा पाहिली आहे. भिंतींना पांढऱ्या फरश्या, खिडकी कायमची बंद, छताला तांबडा दिवा. बिस्किटाचा रंग बघून मत बनू नये म्हणून तो दिवा. टेबलावर नुसते आकडे लिहिलेल्या बशा, कोमट पाण्याचा पेला आणि शेजारी स्टीलचं झाकणाचं भांडं. तुकडा तोंडात घ्यायचा, आठ-दहा वेळा चावायचा, डोळे मिटायचे, आणि मग सगळं त्या भांड्यात थुंकायचं. चूळ भरायची. पुढची बशी ओढायची. दिवसाला चाळीस बशा गिळल्या तर माणूस वर्षभरात दारातून मावायचा नाही, म्हणून हा नियम. भावोजी तो असा सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं हे तप आहे.

"एकतीस वर्षांत एक कण घशाखाली गेलेला नाही. चाखणं वेगळं, खाणं वेगळं. चाखलेलं आम्ही खाल्ल्यात धरत नाही."

हे ते कुणाच्याही घरी पानावर बसल्यावर ऐकवतात, आणि मग तिसऱ्यांदा वाढून घेतात.

घरी भांडं नव्हतं, ताई होती. पहिला घास घेतला की भावोजींचे डोळे मिटायचे आणि ताईचा हात पळीवर थांबायचा. निकाल यायचा. "मीठ अर्ध्या चिमटीने पुढे गेलंय." "तेल जरा जास्त तापलं आज." मग ताट चाटूनपुसून लख्ख. स्वयंपाक करणाऱ्या बाईला महिन्यातून एकदा कुणी नाव ठेवलं तर ती भांडते. रोज दोन वेळा ठेवलं तर ती मान हलवायला शिकते. ताई शिकली. मी शिकले नाही, म्हणून भावोजी मला "मेहुणीबाई, तुमची जीभ फार चालते," असं म्हणतात. ज्याला जिभेचा पगार मिळतो त्याने हे बोलावं!

गेल्या वर्षी एकदा भावोजी जाऊन आल्यावर ताईला संडासात रक्त दिसलं. तिने विचारलं तर भावोजी म्हणाले, "मूळव्याध आहे. बसून काम करणाऱ्याला असायचीच." असे त्यांनी चार महिने काढले. आता ताईच्या थोरल्या दिरांनीही नेमकं हेच म्हणत दोन वर्षं काढली होती. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला तोवर तो यकृतात पोचला होता. छप्पन्नाव्या वर्षी ते गेले. शेवटचे तीन महिने ताईनेच त्यांना चमच्याने भरवलं. आणि आता रक्त दिसलं तेव्हा भावोजी पंचावन्न संपवत होते.

ताईला भीती वाटत होती. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. ती दुपारी तिथे यायची, पंख्याखाली उभी राहायची आणि काही न घेता जायची. शेवटी मीच एका संध्याकाळी घरी जाऊन भावोजींना सांगितलं, "उद्या डॉक्टरकडे चला, नाहीतर मी कारखान्याच्या दारात उभी राहून सगळ्यांना सांगते, चवसाहेबांना नक्की कुठे काय होतंय ते." अब्रूच्या पुढे मूळव्याधीचं काही चालेना. ते आले.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी त्यांना "काका" म्हटलं, तिथेच भावोजींचा निम्मा विश्वास उडाला. कोलोनोस्कोपी ठरली, म्हणजे खालून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायचं. त्यासाठी आतडं रिकामं आणि स्वच्छ हवं. तीन दिवस आधीपासून बिया नाहीत, साली नाहीत, कोंडा नाही, कच्चं काही नाही. पांढरा भात, पांढरा ब्रेड, सोललेला उकडलेला बटाटा, अंडं. आदल्या दिवशी नुसतं गाळलेलं पातळ, तेही तांबडं-जांभळं नको, नाहीतर आत रक्तासारखं दिसतं. संध्याकाळी जुलाबाच्या पावडरचं एक लिटर पाणी, सकाळी दुसरं. हा कागद घेऊन रोज दोघं-तिघं माझ्या काउंटरवर येतात आणि विष मागावं तसं कुजबुजत पावडर मागतात. मला तो पाठ आहे. मी भावोजींना बजावलं, "एक तीळसुद्धा जाता कामा नये. बी आतड्याला चिकटून बसते. तिच्यामागे काय आहे ते डॉक्टरांना दिसत नाही."

"मेहुणीबाई," भावोजी म्हणाले, "तोंडावर ताबा कसा ठेवायचा हे तुम्ही मला शिकवणार?"

ताईने घरातल्या सगळ्या बिया डब्यांसकट माझ्याकडे आणून ठेवल्या. शिवाय सोबत म्हणून ती स्वतःही तेच फिकं जेवायला लागली. एवढं कशाला, असं मी म्हटलं तर म्हणाली, "एकट्याने खाणं जड जातं गं." भावोजींना काही जड जात नव्हतं. त्यांनी भाताला सांगितलं की त्याला स्वतःचं काही म्हणणं नाही. बटाट्याला सांगितलं की तो प्रामाणिक आहे, पण त्याच्याशी दोन घासांपुढे बोलण्यासारखं काही नाही. आणि रोज सकाळी डबा घेऊन कारखान्यात गेले. रजा घ्या म्हटलं, तर म्हणे, "मी नसलो तर माल अडेल."

संध्याकाळी ताई रोज विचारायची, "बाहेर काही खाल्लं नाही ना?"

"छे," भावोजी म्हणायचे. डोळ्याची पापणीही हलायची नाही.

आदल्या दिवशी मी दुकानातून लवकर सुटून गेले. टेबलावर पावडरच्या पाण्याचा जार, भावोजींपुढे पहिला पेला. हे पाणी नाक दाबून घटाघटा प्यायचं असतं. भावोजींनी आधी हुंगलं. मग घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले. "सुरुवातीला लिंबाचा नुसता भास. मग मीठ. मग मीठच. शेवटी गंजलेल्या नळाची तोटी. ही बॅच मी परत पाठवली असती." आणि सवयीने इकडेतिकडे थुंकायचं भांडं शोधायला लागले.

"अहो, प्या," ताई म्हणाली.

पहिल्या पेल्याला वीस मिनिटं लागली. तिसऱ्या पेल्यानंतर पावडर बोलायला लागली आणि चवसाहेब गप्प झाले. पुढचे दोन तास ते संडासात. ताईने दाराबाहेर स्टूल मांडलं आणि उरलेलं पाणी पेल्याने आत पोचवत राहिली. मधूनच आतून आवाज यायचा, "अगं, आहेस ना?" ताई म्हणायची, "आहे." पाच मिनिटं गेली की पुन्हा, "आहेस ना?" मला हसू येत होतं. ताई हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांना मागून उघडा असलेला झगा घातला, गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि आत नेलं. पाऊण तास लागेल म्हणाले होते. पंधरा मिनिटांत डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या लवकर बोलावतात म्हणजे थोरल्या दिरांसारखंच काहीतरी दिसलं, असं तिने धरलंच.

पडद्यावर आतड्याची गुलाबी भिंत होती. तिच्यावर चिकटलेल्या होत्या बिया. तीळ, जवस, खसखस. मी काउंटरवर इतकी वर्षं काढली, पण असं दृश्य पाहिलं नव्हतं.

"काका, हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

भावोजी कुशीवर पडलेले, अर्धे गुंगीत. त्यांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. भुवया आकसल्या. "जवस जास्त पडलंय," ते म्हणाले.

"खाल्लंत कधी?"

"खाल्लं नाही. चाखलं. नवं बिस्किट आहे, सात बियांचं. परवा चोवीस बशा होत्या, त्याच्या आदल्या दिवशी तीस."

"चाखलेलं तोंडात राहतं, काका. हे पार उजव्या कोपऱ्यापर्यंत गेलंय."

शुद्धीत असते तर भावोजींनी बिस्किटांवर, भांड्यावर, कॅमेऱ्यावर खापर फोडलं असतं. गुंगीत माणसाला खोटं जुळवता येत नाही. ते लहान मुलासारखे म्हणाले, "वाईट झालेलं थुंकतो हो. चांगलं झालेलं थुंकवत नाही. पहिल्यापासूनच."

म्हणजे एकतीस वर्षं हा माणूस आम्हाला संयम शिकवत होता, आणि तांबड्या दिव्याखाली डोळे मिटून बिस्किटं हाणत होता! खायचे दात आणि दाखवायचे दात वेगळे असतात, हे ऐकलं होतं. ते आतून दाखवणारा कॅमेरा पहिल्यांदा पाहिला. सगळ्यात कहर म्हणजे त्या तीन संध्याकाळी त्यांनी ताईला खोटं सांगितलंच नव्हतं. जे गिळलं ते त्यांच्या हिशेबी खाल्लेलंच नव्हतं.

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डावी बाजू बरी आहे. उजव्या कोपऱ्यात काहीतरी उंचवटा वाटतोय. गाठ आहे, की बियांचा थर, हे आज सांगता येत नाही. दहा दिवसांनी पुन्हा करावं लागेल."

दहा दिवस. घरी येताना रिक्षात मी भावोजींना जे जे सुनावलं ते इथे लिहीत नाही, कारण ते आधीच अर्धमेले होते आणि मला मागाहून थोडी लाज वाटली. ताई दोन हातांनी पर्स धरून बसली होती. जी गोष्ट आज कळायची ती एका बिस्किटापायी दहा दिवस लांबली होती, आणि ते दहा दिवस तिने काढायचे होते.

दुसऱ्या खेपेला मात्र ताईने लगाम हातात घेतला. तिने आयुष्यात पहिल्यांदा कारखान्यात फोन केला. भावोजी समोरच बसले होते. "हे पाच दिवस येणार नाहीत," ती मॅनेजरला म्हणाली. तिकडून कारण विचारलं असावं. "ते गिळतात," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या पाच दिवसांत कारखान्याचं एकही खोकं अडलं नाही, हे त्यांना दुखण्यापेक्षा जास्त झोंबलं. पानावर पांढरा भात आला. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले, तोंड उघडलं.

"बोलू नका," ताई म्हणाली. "गिळा."

त्यांनी गिळलं. पावडरचं पाणीही या वेळी एका दमात, काही न बोलता.

आतडं स्वच्छ निघालं. उजव्या कोपऱ्यात, बिया होत्या त्याच जागी, वाटाण्याएवढी गाठ होती. डॉक्टरांनी ती त्याच नळीतून काढली आणि तपासायला पाठवली. अहवालाला आठवडा लागला. त्या आठवड्यात ताईने घरातली सगळी कपाटं आवरली. मला वाटलं, हात चालले की मन थांबतं, म्हणून.

आम्ही तिघं अहवालाला गेलो. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "कर्करोग नाही. पण ही गाठ तशी होण्याच्या वाटेवर होती. आणखी दोन-तीन वर्षं राहिली असती तर तुमच्या भावाचीच गत. आता तीन वर्षांनी पुन्हा तपासू."

भावोजींनी मोठा सुस्कारा सोडला, रुमालाने कपाळ पुसलं आणि लगेच खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, मग आता काय काय खाता येईल?"

मी ताईला बाहेर घेऊन आले. बाकावर बसल्याबरोबर ती रडायला लागली. मी तिची पाठ थोपटली. "अगं, झालं ना आता सगळं नीट. सुटलीस."

"सुटले कुठे," ती म्हणाली. मग डोळे पुसून आजूबाजूला बघितलं. "तुला एक सांगते. कुणाजवळ बोलू नकोस. परवा वाण्याकडे गेले होते. ह्यांच्या नाकाला चालत नाही म्हणून आमच्याकडे वासाचा साबण नाही की पावडर नाही, लग्न झाल्यापासून. तिथे एक साबण उचलला, हुंगला. आणि मनात आलं, ह्यांचं तसंच काही निघालं, तर मग हा आणायला हरकत नाही." तिने पर्स मांडीवर ओढली. "आधी ते आलं गं मनात. रडू नंतर आलं."

मला लोकांना सुनावायला शब्द कधी कमी पडत नाहीत. "चल, आत जाऊ," एवढंच म्हटलं.

"तू हो पुढे. मला पाच मिनिटं बसू दे."

मी आत गेले. भावोजी डॉक्टरांना शेंगदाण्याबद्दल विचारत होते. मला एकटीला बघून थांबले.

"ही कुठाय?"

"येईल," मी म्हटलं. आणि ती येईपर्यंत मी भिंतीवरचा आतड्याचा तक्ता वाचत उभी राहिले.