आतून झिजलेला टायर

मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या टायरवाल्या काकांचं नाव मी विचारलंच नाही. जंगलातल्या हेमलकशाकडच्या एका शाळेत नोकरीवर रुजू व्हायला मी एकटी निघाले होते आणि गाडी सारखी डावीकडे ओढत होती, म्हणून त्यांच्या दुकानाशी थांबले.

"हवा कमी असेल," मी पुटपुटले.

"हवा बरोबर हाय. हात लावून पाहा, बाई."

त्यांनी दाखवलं तसा मी टायरच्या आतल्या कडेवरून तळवा फिरवला. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून गुळगुळीत झाला होता.

"चाक तिरपं चालून राह्यलं. हा जंगलात फुटन. स्टेपनी लावता येते?"

"नाही."

"मंग एकट्या जाता काऊन?"

मी जॅक उचलला. काका हात मागे बांधून नुसतं एकेक सांगत राहिले. स्टेपनीचा शेवटचा नट मी आवळल्यावर त्यांनी पान्यावर सगळा भार दिला. नट हलला नाही.

"आता एकट्या जा खुशाल. चाक तेवढं सरळ करून देतो," म्हणत त्यांनी अलाइनमेंटसाठी गाडी आत घेतली.