आजोबांचा पाय

माझे आजोबा चीनमधून आले. कलकत्ता, मग हैदराबाद, मग उदगीर. इथे त्यांनी दातांच्या कवळ्या बसवायचं दुकान टाकलं, आणि एवढ्याबद्दल गावात कुणाला शंका नाही. शंका सुरू होते ती पुढच्या वाक्यापासून: ते चीनकडून फुटबॉल खेळले होते.

हे वाक्य बाबांचं. तेही कवळ्याच बसवायचे, आता ऐंशी ओलांडली. त्यांच्या गोष्टीत आजोबा कधी गोलकीपर असतात, कधी फॉरवर्ड. कधी मनिलाला जाऊन स्पर्धा जिंकून येतात, कधी जहाजातच आजारी पडतात. चौकात लोक हसतात, "चायनाची गोष्ट हाय, किती टिकंल?" त्या हसण्याचा मला संताप येतो. पण माझा तरी कुठे विश्वास होता?

आमच्या घरात एक विचित्र सवय होती. लिंबू घरंगळलं की बाबा ते हाताने नाही, तळपायाने थांबवायचे. आजोबांनी लावलेली सवय म्हणे. आई जळकोटची. ती कपाळावर हात मारून घ्यायची, "अन्नाला पाय लावतेत व्हय?" मला वाटायचं, गोष्ट खरी वाटावी म्हणून बाबा हे मुद्दाम करतात.

यंदा नांदेडच्या एका फुटबॉल स्पर्धेच्या उद्घाटनाला बाबांना बोलावणं आलं. तुमच्या वडिलांचं नाव माइकवरून घेऊ, असं आयोजक त्यांना म्हणाले. एवढा मान कशासाठी, यांचा मतलब काय, मी मनात चाचपत राहिले. बाबा मात्र निवेदकाला रोज फोनवरून नावाचा उच्चार शिकवत होते. "मह्या बापाचं नाव या मुलखात कुणी नीट घेतलंच न्हाई, पोरी. समदे चिनीसाबच म्हणून राहिले." भर मैदानात कुणी पुरावा मागितला तर काय दाखवायचं?

मैदानावर हार झाले, भाषणं झाली. प्रमुख पाहुण्यांनी फोडायला नारळ उचलला आणि तो हातातून निसटला. शेजारी उभ्या बाबांचा पाय आपोआप पुढे गेला. नारळ बुटावर अलगद टेकला आणि गवतात थांबला. बाबांना विचार करायला वेळच नव्हता. तो पाय खोटं बोलत नव्हता. माझा जन्मभराचा संशय तिथेच संपला, आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

लोकांनी वेगळंच पाहिलं. "नारळाला लाथ मारली की!" कुणीतरी ओरडलं. पाहुण्यांचा चेहरा उतरला. बाबांनी वाकून नारळ उचलला, कपाळाला लावला. "माफी असावी. बापानं लावलेली सवय हाय." दुसरा नारळ आला, फुटला. निवेदकाने आयोजकांकडे पाहिलं, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. सामना सुरू झाला. नाव राहूनच गेलं.

परतताना गाडीत बाबांनी विचारलं, "मला आजकाल कमी ऐकू येतं. नाव घेतलं का गं त्यायनं?"

"हाव, घेतलं."

"नीट?"

"एकदम नीट."

बाबा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला ती नजर ओळखीची होती. आजवर मीच त्यांच्याकडे तसं बघत आले होते.

"मग तू घेऊन दाखव."

बाबा फोनवर शिकवताना आठवडाभर कानावर पडलेलं नाव मी आठवून आठवून घेतलं.

"न्हाई," बाबा म्हणाले, "परत घे."