लेकीला बाहेरची द्या

जहाजावरची खोली निवडायला माणसाला किती वेळ लागावा? मला अकरा दिवस लागले, आणि अकराव्या दिवशी जे झालं ते बघता आम्ही गोव्याला गपचूप एसटीनं गेलो असतो तर बरं झालं असतं.

मी सांगलीत एका शाळेत विज्ञान शिकवते. आवाज मोठा, राग नाकावर, हे वर्गातल्या पोरींनाही ठाऊक आहे आणि घरच्यांनाही. घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि दहावीची परीक्षा नुकतीच दिलेली लेक. सासूबाई साताऱ्यात एकट्या राहतात, सणावाराला आम्ही तिकडे जातो. जूनमध्ये लेक पुढच्या शिक्षणाला पुण्याला हॉस्टेलवर जायची होती. आणि ती माझ्याशी बोलत नव्हती.

बोलत नव्हती म्हणजे भांडत होती असं नाही. भांडली असती तर मी देवाला नारळ फोडला असता. डबा भरलाय, हो. क्लासला सोडू का, नको. पेपर कसा गेला, बरा. सात महिने एवढंच. बापाबरोबर खिदळायची, आजीला आठवड्यातून दोनदा फोन करायची आणि अर्धा अर्धा तास बोलायची. ते आजीचं तर मला अजिबात कळायचं नाही, कारण जे झालं ते आजीच्याच घरी झालं होतं.

झालं होतं असं. गौरीला आम्ही साताऱ्याला गेलो. लेकीनं महिनाभर आधीपासून कागदाची कमळं करून ठेवली होती, दोन खोके भरून. गौरी आपण सजवायच्या, साड्या आपण नेसवायच्या, असं तिनं आजीला फोनवर कबूल करून घेतलं होतं. आणि नेमकी कराडच्या आसपास गाडीतच तिची पाळी आली. मग घरी पोचल्यावर तिला पुढच्या खोलीत, चपलांच्या मांडणीशेजारी, चटईवर बसवलं. कमळं दुसऱ्यांनी लावली, तीही उलटी. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका तिला वळसा घालून आत जात होत्या, आणि तिचे चुलतभाऊ दारातून उड्या मारत तिला विचारत होते की तू इथं का बसलीस. पुरणपोळीचं ताट मी तिच्यापुढं सरकवलं. हातात दिलं नाही, सरकवलं.

आता यातली खरी गंमत ऐका. शाळेत आठवीच्या मुलींना पाळीबद्दल सांगायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. फळ्यावर आकृती काढून मी ठणकावून सांगते की यात विटाळ-बिटाळ काही नसतो, घरी कुणी बाजूला बसवलं तर मला येऊन सांगा, मी बघते. माझी लेक माझ्याच शाळेत होती. आठवीत असताना दुसऱ्या बाकावर बसून तिनं हे सगळं ऐकलं होतं. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिची मान कशी ताठ झाली होती ते मी पाहिलं होतं.

त्या दिवशी साताऱ्याच्या घरात मी गप्प बसले. सासूबाईंचं घर, सणाचा दिवस, माणसं जमलेली, उगाच तमाशा नको. मी स्वतःला, आणि लेकीलाही, असंच सांगत आले. सासूबाईंनी बसवलं आणि मी गप्प बसले. एवढा माझा गुन्हा, आणि तो मला मान्य होता.

जहाजाची कल्पना माझीच. नवऱ्याला वाटलं मला वेड लागलं. पण माझा जीव टांगणीला लागला होता. जूनला ती जाणार, मग कुठली आई आणि कुठलं काय. मुंबईहून निघायचं, तीन रात्री पाण्यावर, परत मुंबई. जहाजावरून कुणी उठून मैत्रिणीकडे जाऊ शकत नाही, क्लासला जाऊ शकत नाही. सासूबाईंनाही घेऊ म्हटलं, त्यांनी आयुष्यात समुद्र दोनदाच पाहिलेला. खरं कारण वेगळंच होतं. माणसं चार असली की खोल्या दोन घ्याव्या लागतात, आणि जहाजाचा नियम असा की प्रत्येक खोलीत एक तरी मोठं माणूस हवं. नवरा आणि त्याची आई एका खोलीत, मी आणि लेक दुसऱ्या. दार लावलं की तीन रात्री ती आणि मी. कधीतरी बोलेलच की. न बोलून जाते कुठं.

बुकिंग करून देणारा माणूस सांगलीतलाच. भारी उत्साही. इंग्रजी माहितीचं त्यानं स्वतः मराठी करून तक्ता पाठवला: आतली केबिन, बाहेरची केबिन, बाल्कनीची केबिन. वाचून मला आधी वाटलं आतलीच चांगली. आपल्याकडे आतली खोली म्हणजे थंड, निवांत, पाहुण्यांची वर्दळ नाही. मी आतली निवडून मोकळीही झाले होते. मग त्यानं सांगितलं की मॅडम, आतलीला खिडकी नसते, चोवीस तास दिवा लावायचा. बाहेरची म्हणजे समुद्राकडची, मोठ्या गोल खिडकीची. बाल्कनीची मिळत होती, पण एकच शिल्लक होती, आणि ती होती पार दुसऱ्या टोकाला.

मग सुरू झाला घोळ. मधल्या मजल्यावर कमी हलतं, असं नवरा कुठंतरी वाचून आला. सासूबाईंना लिफ्ट जवळ हवी. वर पोहण्याचा तलाव आला की दिवसभर डोक्यावर धाडधाड. लेकीला एकटीला जागा लागते, पडदा असलेली वरची बर्थ मिळेल का, हे मी तीनदा विचारलं. नकाशा मोबाइलवर मोठा करून करून डोळे दुखायला लागले. नवरा म्हणाला, खोली घेतेस की घर. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. त्याला काय सांगणार की ती खोली नव्हतीच, माझी शेवटची संधी होती.

लेकीला विचारलं तर ती म्हणाली, कुठलीही चालेल.

रविवारी संध्याकाळी सहापर्यंत नक्की सांगा, नाहीतर शेजारशेजारच्या खोल्या जातील, असं त्या माणसानं कळवलं. रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात कणकेच्या हातानं उभी होते. ठरवून टाकलं एकदाचं. म्हाताऱ्या माणसाला रात्री झोपण्यापुरती खोली, त्यांना आतली चालेल. माझ्या पोरीला खिडकी हवी. कोपरानं मोबाइल सरळ केला, करंगळीनं बटण दाबलं आणि वर्गात बोलते त्या आवाजात निरोप रेकॉर्ड केला: लेकीला बाहेरची द्या, सासूबाईंना आतली, लेकीला बाहेरचीच, विसरू नका.

मागं वळले तर लेक दारात. हातात पाण्याची बाटली.

क्षणभर मला कळलंच नाही तिचा चेहरा असा का झालाय. आणि मग माझाच शब्द मला परत ऐकू आला. ती बाहेरची आहे, बाहेरची झाली, बाहेर बसली. आमच्या घरात, आसपासच्या दहा घरांत, हा शब्द बायका कशासाठी वापरतात ते तिला गौरीपासून पक्कं पाठ होतं.

"जहाजावर पण?" ती म्हणाली. "त्या माणसाला पण सांगितलंस?"

अगं, बाहेरची म्हणजे समुद्राकडची, मी घाईघाईनं सांगायला लागले. कणकेचे हात पुसायचेही राहिले. तक्ता दाखवला, गोल खिडकीचा फोटो दाखवला. तिनं फोटो पाहिला, शब्दही वाचला. तिला ते पटलं, हे मला दिसलं. पण तिचा चेहरा काही निवळला नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि एप्रिलचं पान वर करून खालच्या लाल टिंबावर बोट ठेवलं.

"आणि हे?"

तिच्या पाळीच्या तारखेशेजारी मी लाल पेनानं टिंब करते. सगळ्याच आया करतात. त्या माणसानं सफरीच्या दोन तारखा दिल्या होत्या, त्याही मी तिथंच लिहून ठेवल्या होत्या. पहिली टिंबावर येत होती, म्हणून मी दुसरी घेतली. सासूबाई बरोबर असणार, कशाला कटकट. हे मी विचार करूनही केलं नव्हतं, आपसूक हात तिकडे गेला होता. विज्ञानाची बाई. कपाळ माझं.

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. माझं नेहमीचंच आहे ते. राग आला सासूबाईंवर. त्यांच्यापायी मी हे टिंबं करत बसते, त्यांच्यापायी माझी पोर माझ्यापासून तुटली. आज सोक्षमोक्षच लावते म्हटलं. लेकीला म्हणाले थांब इथंच, आणि तिच्यासमोर साताऱ्याला फोन लावला. स्पीकरवर. तिला ऐकू जावं, तिच्या आईला तोंड आहे हे तिला कळावं, म्हणून. नवराही टीव्ही बंद करून आला.

"आई," मी म्हणाले, "जहाजावर यायच्या आधी एक सांगते. माझ्या मुलीला परत कधी बाहेर बसवायचं नाही. गौरीला बसवलंत, तेवढं पुरे झालं."

मला वाटलं आता चिडतील, आणि मी त्यासाठी कंबर कसून उभी होते.

"मी बसवलं?" सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "अगं, तू दारातून आत आलीस, चपला काढायच्या आधी म्हणालीस, आई, ही बाहेरची आहे, कुठं बसवू? मी काही विचारलंही नव्हतं. मी तर तिच्यासाठी गौरीचे दागिने काढून पाटावर मांडले होते. तू म्हणालीस, म्हणून मी चटई दिली."

मी म्हणायला गेले की असं झालं नाही. आणि तोंड उघडतानाच मला ते आठवलं. दाराचा उंबरा, खांद्याला अडकवलेली पिशवी, आत आरतीच्या ताटांचा आवाज. आणि माझा स्वतःचा आवाज, वर्गातलाच, चारचौघांना ऐकू जाईल असा. कुणी विचारायच्या आत आपणच सांगून टाकलेलं बरं. माझ्या आईनं माझ्याबाबतीत हेच केलं होतं. इतकं सवयीचं की ते बोलणं आहे असं मला वाटलंच नव्हतं. सात महिने मी गप्प बसल्याचा पश्चात्ताप करत होते. आणि मी गप्प बसलेच नव्हते.

सासूबाई पुढं बोलतच होत्या. हळू, थांबत थांबत. म्हणाल्या, "पण मीही का दिली चटई? मला म्हणता आलं असतं की राहू दे गं, माझं घर आहे, मी बघते. मला त्या दिवसापासून खटकतंय. पोर आहे का तिथं? तिला म्हणावं आजीचं चुकलं."

"ऐकलं मी, आजी," लेक म्हणाली. "नंतर करते फोन."

फोन बंद झाला. मी तिच्याकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी तुझ्या मागेच उभी होते ना. मी वाट बघत होते, तू कधी म्हणतेस त्याची. तू दरवेळी आजीचंच नाव घेत होतीस."

त्या वेळी मला एकच शब्द बोलायचा होता. चुकलं. आजीनं सहज म्हटला तो. मी तोंड उघडलं आणि निघालं काय, तर स्पष्टीकरण. की माणसं जमली होती, की मला वाटलं त्या विचारतीलच, की त्याआधी आपणच, की तुला कुणी बोलू नये म्हणून. वीस वर्षं समजावून सांगायची सवय. बोलता बोलता मलाच कळत होतं की हे थांबवायला हवं, आणि थांबवता येत नव्हतं. लेकीनं सगळं ऐकून घेतलं, शाळेतल्यासारखं, हाताची घडी घालून. नवऱ्यानं एकदा माझ्या दंडाला हात लावला. मी तो झटकला.

तेवढ्यात बुकिंगवाल्याचा फोन आला. सहा वाजत आले होते. मॅडम, नावं टाकतो, कुणाबरोबर कोण?

मी लेकीकडे पाहिलं. मला वाटतं मी तेव्हा भीक मागत होते, डोळ्यांनी. अकरा दिवस मी ज्या एका उत्तरासाठी नकाशे बघत होते ते तिनं दिलं.

"मी आजीबरोबर," ती म्हणाली. "खिडकी असू दे नाहीतर नसू दे. तू आणि बाबा एका खोलीत राहा."

मी सांगितलं तसं. आजी आणि नात एका खोलीत, आम्ही दोघं शेजारी. दोन्ही खोल्या समुद्राकडच्या करा, जे काय होईल ते होऊ दे. त्यानं नावं परत वाचून दाखवली, वयं विचारली. मग म्हणाला, "शेजारच्या खोल्या आहेत, मॅडम, तर दोन्हींच्या मध्ये आतून एक दार येतं. उघडं ठेवायला सांगू की बंद? कुटुंबं बहुतेक उघडंच ठेवतात."

मी फोनवर हात ठेवला आणि लेकीला विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही, इतका लहान निघाला.

"बंद," ती म्हणाली, आणि बाटली भरायला माठाकडे वळली.

तो पलीकडे थांबला होता. मी हात काढला आणि त्याला बंद म्हणून सांगितलं.